वार, बोर्डिंग आणि समुपदेशकाची खोली

१८७५ साली दापोलीजवळच्या मुरूडचा एक सतरा वर्षांचा मुलगा काही सोबत्यांसह परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. पावसाळी दिवस, कुंभार्ली घाट आणि सुमारे एकशे दहा मैलांची पायपीट. मुले साताऱ्यात पोहोचली. तिथे या मुलाची अंगकाठी पाहून, हा सतरा वर्षांचा वाटत नाही, असे म्हणत त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे १८८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले आणि १८८४ मध्ये बी. ए.

कर्व्यांची ही पायपीट मराठी मुलांना जिद्दीचा धडा म्हणून सांगितली जाते. ती जिद्द खरीच होती. पण मुंबईतल्या त्यांच्या विद्यार्थीदशेत आणखीही काही होते: गरजेला मिळणाऱ्या शिकवण्या, नरहरपंत जोशींसारखा मित्र आणि पुढे त्या मित्राच्या कुटुंबासोबत थाटलेले सामाईक बिऱ्हाड. महाराष्ट्रातल्या कॉलेजविद्यार्थ्यांनी मनावरचा ताण कसा पेलला याचा शोध घेऊ लागले, की जिद्दीच्या कथेमागे दर वेळी कुणाचे तरी ताट, कुणाची तरी खोली, कुणाची तरी सोबत सापडते.

हा ताण आजचा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. १३२ जण बसले, २२ उत्तीर्ण झाले. १८६२ च्या पहिल्या बी. ए. परीक्षेतून चौघे बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. घरात मराठी, वर्गात इंग्रजी, परीक्षाही इंग्रजीत. रानड्यांचे डोळे त्या काळातल्या अतिवाचनानेच बिघडले. पुढच्या पिढीत तर शिकलेली माणसे ऐन उमेदीत जाऊ लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले, काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्ये चव्वेचाळिसाव्या, गोपाळ गणेश आगरकर १८९५ मध्ये एकोणचाळिसाव्या. प्रत्येकाचा आजार वेगळा होता. तरीही पदवीधर इतके अल्पायुषी का ठरतात, हा प्रश्न १८९० च्या दशकात रानड्यांनी जाहीरपणे मांडला आणि परक्या भाषेतल्या अभ्यासाच्या भाराकडे बोट दाखवले. विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून ते अखेरपर्यंत झटले, त्यामागे ही कळकळही होती. शिक्षणाची पद्धतच विद्यार्थ्याला थकवते, हे म्हणणारा हा आपल्याकडचा बहुधा पहिला मोठा आवाज. त्याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही, याचे वाईट वाटते.

त्या काळी ताणावर सांगितला जाणारा इलाज शरीराचा होता. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष जवळजवळ पुरते व्यायामाला दिले. तालीम, पोहणे, भरपूर खाणे. अभ्यास मागे पडला, परीक्षा हुकली, पण प्रकृती कायमची सुधारली. प्रत्येकाला हे परवडणारे नव्हते. त्याच कॉलेजात शिकलेल्या आगरकरांकडे अंगावरचा एकच सदरा होता. तो रात्री धुऊन सकाळी घालायचा. अशा मुलाने एक वर्ष घालवायचे कुठून?

गरीब मुलाचा खरा घोर दोन वेळच्या जेवणाचा. त्यावर पुण्यासारख्या शहरांत जुनी सोय होती ती वारांची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी लावायचे. वार पुरे झाले नाहीत, तर झोळी घेऊन माधुकरी मागायची. कोकणातून आणि घाटावरच्या खेड्यांतून आलेली किती तरी मुले अशी शिकली. यात पोट भरे आणि आठवड्यातून एकदा का होईना, कुणी तरी पोराच्या तोंडाकडे पाहून बरे आहे ना, असे विचारे. पण यात बोचही होती. पंगतीच्या शेवटी बसायचे, यजमानांच्या घरी सुतक आले की वार बुडायचा, चार कामे सांगितली तर नाही म्हणता यायचे नाही. आणि सगळ्यात मोठी खोट म्हणजे ही सोय जातीच्या उंबऱ्याशी संपत होती. ब्राह्मणेतर मुलाला शहरात वार मिळत नव्हते, अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर खोलीही मिळत नव्हती.

राजर्षी शाहू महाराजांनी नेमके इथे हात घातला. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातून आलेल्या पोराला आपल्या बोलीत बोलणारी चार पोरे एका छताखाली भेटू लागली. शाळा-कॉलेजात बिचकणारा मुलगा संध्याकाळी बोर्डिंगात मोकळा होत असे.

मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जैन बोर्डिंगातला एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंग सुटले. हा विद्यार्थी भाऊराव पाटील. शिकणाऱ्या पोराला छप्पर नसले की काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहू, रांधू आणि जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथे येऊन गेले. मुलांच्या धान्याला पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि कमवा आणि शिका ही रीत कॉलेजपर्यंत पोहोचली. शेतात राबून किंवा बांधकामावर खपून फी भागवणारा मुलगा कुणाच्या उपकाराखाली नव्हता. वारांत जी बोच होती, ती इथे निघाली. मनाच्या आरोग्याच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा मानला पाहिजे.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत भीमराव आंबेडकर शिकत होते. जागा इतकी अपुरी, की वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवत आणि पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या महिना पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. पुढे बाबासाहेबांनी मुंबईत १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले. मिलिंदच्या परिसरात गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाभोवती लिहिणाऱ्या तरुणांची फळी तयार झाली. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या तरुणांच्या बैठकींतून १९७२ च्या दलित पँथरला बळ मिळाले. रोजच्या अपमानाने आतल्या आत कुढणारी मुले तिथे एकमेकांना भेटली, लिहू लागली, रस्त्यावर उतरली. त्यांच्या दुःखाचे कारण बाहेर होते आणि त्यांनी उपायही बाहेरच शोधला.

मुलींची वाट याहून एकाकी. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. परकी थंडी, धुराने भरणारी खोली, शाकाहाराचे हाल, ढासळती प्रकृती आणि घरून येणारी पत्रे, ज्यांत नवऱ्याचे टोमणेही असत. त्यांना आधार होता रोसेलच्या थिओडोशिया कार्पेंटर यांचा, ज्यांना त्या मावशी म्हणत. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्या गेल्या. त्यांच्या कर्तृत्वाचा गौरव खूप झाला. त्या तीन वर्षांत त्यांनी काय सोसले, हे मात्र त्यांच्या पत्रांतून पाहावे लागते.

स्वातंत्र्यानंतर कॉलेजे वाढली. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी सहाय्यक समिती उभी राहिली आणि वारांची जागा वसतिगृहाने घेतली. पण आता एक निराळेच दुखणे दिसू लागले. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी आली. खानदेशातून पुण्याला आलेल्या पांडुरंग सांगवीकरची भ्रांत केवळ जेवणाची नव्हती. घरून पैसे येत होते, खोली होती, मेस होती, तरी आतून सगळे पोकळ. त्याच वर्षी महाराष्ट्रीय कलोपासकने पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा सुरू केली. रात्र रात्र तालमी करणाऱ्या मुलांना त्यातून आपला असा एक घोळका मिळाला.

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यातल्या तरुणांभोवती गर्द या मादक पदार्थाचा विळखा पडला. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ उभी केली. मनाच्या दुखण्याबद्दल मराठीत, व्यासपीठावर, पालकांसमोर बोलायला सुरुवात झाली ती या लोकांमुळे. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये आयकॉल ही दूरध्वनी सेवा सुरू केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणे हा हक्क ठरवला.

तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या. वार, बोर्डिंग, कमवा आणि शिका अशा सोयी ज्या भूमीत घडल्या, तिथला हा आकडा आहे. याचे एक कारण उघड दिसते. कोचिंगची फी आणि भाड्याची खोली मुलाला मिळते, पण तो दोन दिवस जेवायला आला नाही हे ज्याच्या ध्यानात येईल, असा माणूस त्या खोलीच्या आसपास नसतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली: शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असला पाहिजे. प्रवेश घेताना फी आणि निकालाची चौकशी होते, तशी या माणसाचीही पालकांनी करावी: नाव काय, बसतो कुठे, मुलांना कधी भेटतो. आणि कुणाला आजच बोलायचे असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.