नैर्ऋत्य जर्मनीतील ओबरलिगा (१९४५–१९६३) : क्रीडामंडळाची सीमा आणि राज्याची सीमा

प्रास्ताविक

एखाद्या प्रदेशाची सीमा कोणी, केव्हा आणि कोणत्या कराराने आखली, हे राजकीय इतिहासावरून समजते. परंतु ती सीमा सामान्य माणसाच्या व्यवहारात किती खोलवर उतरली, हे त्या इतिहासावरून क्वचितच कळते. त्यासाठी बाजारपेठा, आगगाड्यांची वेळापत्रके, शाळा, मंडळे यांसारख्या दुय्यम मानल्या गेलेल्या संस्थांकडे वळावे लागते. क्रीडासंस्था याच वर्गात मोडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात स्थापन झालेली आणि १९६३ मध्ये विसर्जित झालेली ओबरलिगा ही फुटबॉलची प्रादेशिक साखळी स्पर्धा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. अवघ्या अठरा वर्षांच्या आयुष्यात तिचे क्षेत्र तीन वेळा बदलले, आणि यांपैकी दोन बदल राज्याच्या नकाशात तसेच बदल होण्यापूर्वी घडून आले. या घटनाक्रमाचा अर्थ कसा लावावा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

पूर्वपीठिका

जर्मन फुटबॉलमध्ये १९६३ पर्यंत सर्व देशासाठी एकच अशी साखळी स्पर्धा नव्हती. १९०३ पासून राष्ट्रीय विजेतेपद दिले जात असे. परंतु ते प्रादेशिक स्पर्धांतून वर आलेल्या संघांमधील अखेरच्या फेऱ्यांवर ठरत असे. खेळाची खरी घडण प्रादेशिक पातळीवरच होती. १९३३ मध्ये राष्ट्रीय समाजवादी राजवटीने या स्पर्धांची पुनर्रचना करून सोळा ‘गाउलिगा’ निर्माण केल्या. १९४१ मध्ये नैर्ऋत्येकडील गाउलिगेचे विभाजन झाले आणि ‘वेस्टमार्क’ या नावाची निराळी स्पर्धा अस्तित्वात आली. तिच्यात फाल्त्स व सार या प्रदेशांबरोबरच फ्रान्सकडून बळकावलेल्या लॉरेनमधील क्लबांचाही समावेश करण्यात आला. मेत्स येथील फ्रेंच क्लबाला जर्मन नाव धारण करून तिच्यात खेळावे लागले. लष्करी विजयाची मोहोर क्रीडामंडळाच्या नकाशावर उमटविण्याचा हा प्रकार होता. १९४५ नंतर जे घडले त्याची तुलना करताना हा पूर्वेतिहास विसरून चालत नाही.

सार प्रदेशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० पासून हा कोळशाच्या खाणींचा प्रदेश राष्ट्रसंघाच्या प्रशासनाखाली होता आणि १३ जानेवारी १९३५ च्या सार्वमतानंतर तो जर्मनीत परत आला. या मधल्या पंधरा वर्षांत राजकीय दृष्ट्या सार वेगळा असला तरी त्याचे फुटबॉल क्लब जर्मन स्पर्धांतच खेळत राहिले होते. म्हणजे राज्याची सीमा एकीकडे आणि क्रीडामंडळाची सीमा दुसरीकडे, ही स्थिती तेथील लोकांना अपरिचित नव्हती.

व्याप्त विभाग आणि स्पर्धेचा जन्म

१९४५ च्या पराभवानंतर जर्मनीचे चार व्याप्त विभाग करण्यात आले. त्यांपैकी फ्रान्सच्या वाट्याला आलेला विभाग अमेरिकन व ब्रिटिश विभागांतून काढून दिलेला होता. कार्ल्सरूहे, स्टुटगार्ट, उल्म या मार्गाने जाणारा मोठा मोटाररस्ता आपल्या ताब्यात राहावा या लष्करी हेतूने अमेरिकनांनी सीमा आखल्यामुळे बाडेन व व्युर्टेंबर्ग ही दोन्ही जुनी राज्ये मधोमध चिरली गेली. परिणामी फ्रेंच विभागाला दोन त्रिकोणांची टोके एकमेकांस भिडावीत असा विलक्षण आकार प्राप्त झाला. उत्तरेस फाल्त्स, ऱ्हाइन-हेसेन, ऱ्हाइनलँडचा दक्षिण भाग व सार. दक्षिणेस फ्रायबुर्ग, कॉन्स्टान्स, रॉइटलिंगेन हा मुलूख.

फुटबॉलची मांडणी याच नकाशाबरहुकूम झाली. अमेरिकन विभागात ४ नोव्हेंबर १९४५ रोजी दक्षिण ओबरलिगा सोळा क्लबांनिशी सुरू झाली. फ्रेंच विभागातही १९४५–४६ च्या हंगामात स्पर्धा सुरू होऊन सारब्रुकेनचा क्लब विजयी झाला, आणि पुढे तिचे उत्तर व दक्षिण असे दोन गट पडले. मित्रराष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने डिसेंबर १९४५ मध्ये २३ व्या निर्देशान्वये युद्धपूर्व क्रीडासंस्था बरखास्त करण्याची आज्ञा दिली होती. फ्रेंच अधिकाऱ्यांनी तिचा अंमल विशेष कडकपणे केला. त्यामुळे त्यांच्या विभागातील अनेक जुन्या क्लबांना काही काळ नवी नावे घेऊन खेळावे लागले.

या सीमेचा सर्वांत बोलका परिणाम ऱ्हाइन नदीच्या दोन तीरांवर दिसून येतो. मानहाइम आणि लुडविग्सहाफेन ही शहरे समोरासमोर वसलेली असून मध्ये केवळ नदीचे पात्र आहे. तथापि मानहाइम अमेरिकन विभागात असल्यामुळे तेथील क्लब न्यूरेंबर्ग व म्यूनिक येथील संघांशी दक्षिण ओबरलिगेत खेळू लागले, तर लुडविग्सहाफेनचे क्लब ट्रियर, कोब्लेन्त्स व व्होर्म्स येथील संघांशी नैर्ऋत्य ओबरलिगेत. ऑगस्ट १९४६ मध्ये फ्रेंच शासनाच्या आज्ञेने ऱ्हाइनलँड-फाल्त्स हे राज्य निर्माण झाले तेव्हा व्याप्त विभागाची ही रेषा राज्यसीमा म्हणून पक्की झाली. आणि १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे संघराज्य अस्तित्वात आल्यावरही ती तशीच राहिली.

दक्षिण गटाची कथा मात्र निराळी आहे. तेथील क्लबांचे नैसर्गिक संबंध कार्ल्सरूहे व स्टुटगार्टशी होते. १९५० मध्ये हा गट मोडण्यात येऊन त्यातील क्लब दक्षिण जर्मन फुटबॉलच्या रचनेत गेले. बाडेन-व्युर्टेंबर्ग हे संयुक्त राज्य २५ एप्रिल १९५२ रोजी स्थापन झाले. म्हणजे दुभंगलेला मुलूख फुटबॉलच्या नकाशावर राज्याच्या नकाशापेक्षा दोन वर्षे आधी सांधला गेला.

सार प्रदेशाचा वियोग आणि पुनरागमन

सारचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. फ्रान्सने १९४६ मध्ये हा प्रदेश आपल्या उर्वरित विभागापासून अलग केला, त्याभोवती जकातीची सीमा उभारली आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये तेथे फ्रँक हे चलन सुरू केले. सार हे स्वतःची घटना असलेले, परंतु आर्थिक दृष्ट्या फ्रान्सशी बांधलेले राज्य बनले. या वेळी, १९२० नंतरच्या काळाप्रमाणे, क्रीडाक्षेत्र मोकळे सोडण्यात आले नाही. १९४८ मध्ये सारचे क्लब नैर्ऋत्य ओबरलिगेतून बाहेर पडले. त्यांच्यासाठी प्रदेशापुरती स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली, तर १. एफ. सी. सारब्रुकेन या प्रमुख क्लबाला १९४८–४९ च्या हंगामात फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत स्पर्धेबाहेरील पाहुणा म्हणून खेळविण्यात आले. त्याने सर्वांत अधिक गुण मिळविले. परंतु ते अधिकृत कोष्टकात धरले गेले नाहीत. जागतिक फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झ्यूल रिमे यांचा अनुकूल कल असूनही फ्रेंच फुटबॉलने १९४९ मध्ये या क्लबाला कायमचा प्रवेश नाकारला. सारला आपल्या अर्थव्यवस्थेत सामावून घेण्याचा आग्रह फ्रेंच शासन धरीत असतानाच सारच्या क्लबाला आपल्या मैदानावर सामावून घेण्यास फ्रेंच फुटबॉल तयार नव्हते. जर्मन व फ्रेंच या दोन्ही स्पर्धांबाहेर पडलेल्या या क्लबाने पुढील हंगाम परदेशी संघांना आमंत्रित करून भरविलेल्या स्वतःच्या चषक-स्पर्धेवर काढला.

जून १९५० मध्ये सारच्या फुटबॉल संघटनेला जागतिक महासंघाचे स्वतंत्र सदस्यत्व मिळाले; पश्चिम जर्मनीच्या संघटनेला ते त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, म्हणजे तीन महिने उशिरा प्राप्त झाले. आणि तरीही १९५१–५२ च्या हंगामापासून सारब्रुकेन व नॉइनकिर्शेन येथील क्लब पुन्हा नैर्ऋत्य ओबरलिगेत खेळू लागले. परतल्यावर पहिल्याच वर्षी सारब्रुकेनने ही स्पर्धा जिंकली आणि जर्मन राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. २२ जून १९५२ रोजी लुडविग्सहाफेन येथे तो संघ स्टुटगार्टकडून ३–२ असा हरला. जर्मनीत नसलेल्या प्रदेशाचा क्लब जर्मनीचा विजेता होण्याच्या इतका समीप आला होता!

या दुहेरी स्थितीचे परिणाम पुढील चार वर्षांत वारंवार दिसतात. १९५४ च्या जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत सार आणि पश्चिम जर्मनी एकाच गटात आले. सारने ऑस्लो येथे नॉर्वेला ३–२ असे हरविले. परंतु पश्चिम जर्मनीकडून तो ऑक्टोबर १९५३ मध्ये स्टुटगार्ट येथे ३–० व मार्च १९५४ मध्ये सारब्रुकेन येथे ३–१ असा पराभूत झाला. सारचे मार्गदर्शक हेल्मुट श्योन होते, ज्यांनी पुढे १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीला विश्वविजेतेपद मिळवून दिले. १९५५–५६ च्या पहिल्या युरोपीय चषकात पश्चिम जर्मनीतर्फे एसेनचा, तर सारतर्फे सारब्रुकेनचा क्लब उतरला. २३ ऑक्टोबर १९५५ च्या सार्वमतात ६७.७ टक्के मतदारांनी ‘युरोपीय’ दर्जाची योजना फेटाळली, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, सारब्रुकेनने मिलानला त्याच्याच मैदानावर ४–३ असे नमविले. परतीच्या सामन्यात मात्र तो १–४ असा हरला. १ जानेवारी १९५७ रोजी सार संघराज्यात सामील झाला, तेव्हा त्याचे क्लब जर्मन स्पर्धेत सहावा हंगाम खेळत होते.

कायझर्सलाउटर्नचे वर्चस्व

क्रीडेच्या दृष्टीने ही लीग बव्हंशी एकतर्फी होती, हे नमूद केले पाहिजे. १९४७ ते १९५७ या अकरा हंगामांपैकी १९५२ चा अपवाद वगळता दहा विजेतेपदे कायझर्सलाउटर्नने पटकावली. युद्धकैदेतून १९४५ मध्ये परतलेल्या फ्रिट्स वाल्टर या खेळाडूभोवती हा संघ उभा राहिला. त्याने १९५१ व १९५३ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळविले आणि १९४८, १९५४ व १९५५ मध्ये अंतिम सामना गमावला. १९५४ चा पराभव हानोव्हरकडून ५–१ असा दारुण होता. तथापि बरोबर सहा आठवड्यांनी, ४ जुलै रोजी, बर्न येथे हंगेरीला ३–२ असे हरवून विश्वविजेता ठरलेल्या पश्चिम जर्मन संघातील अकरांपैकी पाच खेळाडू याच क्लबाचे होते : फ्रिट्स व ओट्मार वाल्टर हे बंधू, लीब्रिख, कोलमायर आणि एकेल.

कायझर्सलाउटर्नचा बहर ओसरल्यावर पादत्राणांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पिर्मासेन्सने १९५८ ते १९६० अशी सलग तीन वर्षे, सारब्रुकेनने १९६१ मध्ये आणि लोखंडाच्या कारखान्यांचे गाव नॉइनकिर्शेनने १९६२ मध्ये स्पर्धा जिंकली. मध्यम आकाराची उद्योगनगरे राष्ट्रीय पातळीवर पोहोचू शकत होती, हे या प्रादेशिक रचनेचे वैशिष्ट्य होते. कोब्लेन्त्सचे उपनगर असलेल्या नॉयेनडोर्फचा संघ १९४८ मध्ये राष्ट्रीय उपांत्य फेरीत खेळला, ही गोष्ट याच रचनेमुळे शक्य झाली.

विसर्जन

खेळाडूंच्या मासिक वेतनावर १९४० च्या दशकाअखेरीस घातलेली ३२० मार्कांची मर्यादा, परदेशी क्लबांचे वाढते आकर्षण आणि पाच प्रादेशिक स्पर्धांत विखुरलेले बळ यांमुळे एकाच राष्ट्रीय साखळीची मागणी जोर धरू लागली. २८ जुलै १९६२ रोजी डॉर्टमुंड येथे जर्मन फुटबॉल संघटनेच्या अधिवेशनात १०३ विरुद्ध २६ मतांनी बुंडेसलिगा स्थापण्याचा ठराव संमत झाला. सोळा जागांपैकी दक्षिण व पश्चिम विभागांना प्रत्येकी पाच, उत्तरेला तीन, नैर्ऋत्येला दोन व बर्लिनला एक जागा देण्यात आली.

नैर्ऋत्येच्या दोन जागांवरून झालेला वाद उद्बोधक आहे. मागील बारा हंगामांतील कामगिरीला चढत्या प्रमाणात गुण देऊन निवड व्हावयाची होती. जानेवारी १९६३ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या नऊ क्लबांत सारब्रुकेनचे नाव होते. कायझर्सलाउटर्नचे नाव मागाहून आले. अलीकडील हंगामांत नॉइनकिर्शेन व पिर्मासेन्स यांची कामगिरी अधिक उजवी असताना सारब्रुकेनला प्राधान्य मिळाल्यामुळे टीका झाली, आणि सार संघटनेचे हेर्मान नॉयबेर्गर निवड समितीत असल्याकडे टीकाकारांनी बोट दाखविले. पहिल्या हंगामाअखेर सारब्रुकेन सोळावा येऊन खाली गेला आणि १९६४ मध्ये नॉइनकिर्शेनने आपल्या खेळाच्या बळावर बुंडेसलिगेत प्रवेश मिळविला. पिर्मासेन्स, व्होर्म्स व नॉयेनडोर्फ यांना मात्र ते द्वार कधीच उघडले नाही.

निष्कर्ष

दक्षिण गटाचे विलीनीकरण १९५० मध्ये व राज्याचे १९५२ मध्ये. सारच्या क्लबांचे पुनरागमन १९५१ मध्ये व सार प्रदेशाचे १९५७ मध्ये. हा क्रम पाहून क्रीडाक्षेत्राने राजकीय एकीकरणाचे भाकीत केले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. सारब्रुकेनने प्रथम फ्रान्सचा दरवाजा ठोठावला होता. तो बंद राहिल्यानंतरच क्लब जर्मन स्पर्धेकडे वळला. शिवाय परतल्यावरही सारचा स्वतंत्र राष्ट्रीय संघ जून १९५६ पर्यंत खेळत राहिला. तेव्हा १९५१ ची घटना ही राष्ट्रभावनेच्या विजयापेक्षा दर आठवड्याला तुल्यबळ प्रतिस्पर्धी आणि भरलेले मैदान मिळविण्याच्या व्यावहारिक गरजेची निदर्शक होती.

परंतु यातूनच अधिक महत्त्वाची गोष्ट सिद्ध होते. १९५१ ते १९५६ या काळात सारचा रहिवासी फ्रँकमध्ये तिकीट विकत घेऊन जर्मन लीगचा सामना पाहत होता आणि जागतिक स्पर्धेत त्याच जर्मनीविरुद्ध आपल्या संघाला प्रोत्साहन देत होता. सार्वभौमत्व ही एकसंध वस्तू नसून चलन, जकात, शासन व क्रीडा या तिच्या थरांच्या सीमा भिन्नभिन्न असू शकतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण करारांच्या मसुद्यांत सापडणार नाही. वेस्टमार्कच्या काळात हे सर्व थर बळाने एकाच रेषेवर आणले गेले होते. १९४५ नंतर ते सुटे झाले आणि लोकांनी आपापल्या सोयीने त्यांची जुळणी केली. लष्करी नकाशातून जन्मलेली ही स्पर्धा त्या नकाशाहून कितीतरी अधिक काळ टिकली, आणि अखेरीस तिचा अंत सीमांच्या राजकारणाने नव्हे, तर राष्ट्रीय बाजारपेठेच्या मागणीने झाला. या अंताची किंमत ज्या लहान नगरांनी दिली, त्यांचा इतिहास बुंडेसलिगेच्या यशोगाथेत हरवू न देणे हे प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.