धान्याची वाट आणि धान्याची नोंद

शेतांतला दाणा कणसांतून निघाल्यापासून त्याची पोळी होऊन पानांत पडेपर्यंत तो किती हातांतून जातो, याचा विचार जेवणारा सहसा करीत नाहीं. शेतांतून खळ्यावर, खळ्यावरून गाडींत, गाडींतून वखारींत आणि वखारींतून गिरणींत असा त्याचा प्रवास चालतो. या प्रवासांत प्रत्येक टप्प्यावर दोन गोष्टी घडतात. दाणा एका जागेवरून दुसऱ्या जागीं जातो, ही एक. आणि तो किती गेला, कोणाकडून कोणाकडे गेला, याची कोठें तरी नोंद होते, ही दुसरी. पहिलें काम हमालाच्या पाठीचें, तर दुसरें मापाऱ्याच्या डोक्याचें. यांपैकीं कोणत्या कामावर शोधकाला कायद्यानें हक्क सांगतां यावा आणि कोणतें काम सर्वांना मोकळें राहावें, या प्रश्नानें अमेरिकेंतील विधिमंडळाला आणि न्यायालयांना दोनशें वर्षांहून अधिक काळ गुंतवून ठेवलें आहे. शेतांत आतां संगणक आल्यामुळें हा प्रश्न नवा भासतो. परंतु त्याचें मूळ एका पिठाच्या गिरणींत आहे.

ऑलिव्हर एव्हान्स हा डेलावेअर प्रांतांत १७५५ सालीं जन्मलेला कारागीर. त्याच्या तरुणपणीं गिरणीचें जातें पाण्याच्या बळावर फिरे. पण बाकीचें सारें काम माणसांच्या अंगावर पडे. धान्याचीं पोतीं पाठीवर घेऊन जिन्यानें वर न्यावयाचीं, जात्यांतून निघालेलें ऊन व ओलसर पीठ पुन्हा माडीवर चढवावयाचें आणि तेथें एका मुलानें दंताळ्यानें तें पसरून निववावयाचें, असा क्रम असे. पायाखालीं तुडवलेलें आणि घाम व धूळ मिसळलेलें पीठ लोक खात असत. एव्हान्सनें या क्रमांतून माणसाचा हात जवळ जवळ नाहींसा केला. पट्ट्याला लहान लहान पोहरे लावून धान्य वर चढविणारें एक यंत्र, मळसूत्राच्या योगानें तें आडवें पुढें ढकलणारें दुसरें, आणि फिरत्या दंताळ्यानें पीठ पसरून निवविणारें तिसरें. यांना आणखी दोन जोडयंत्रांची साथ देऊन त्यानें अशी सांखळी बांधली कीं, गाडींतून ओतलेला गहूं कोणाचाही हात न लागतां पीठ होऊन पिंपापर्यंत जावा. पीठ निवविणाऱ्या यंत्राला तर ज्या मुलाचें काम त्यानें घेतलें, त्या मुलाचेंच नांव मिळालें.

अमेरिकेचा पहिला पेटंट कायदा १७९० च्या एप्रिलमध्यें झाला आणि त्याच वर्षीं १८ डिसेंबरला एव्हान्सला त्या राष्ट्राचें तिसरें पेटंट मिळालें. त्यावर अध्यक्ष वॉशिंग्टन यांची सही होती. पेटंट द्यावें कीं नाहीं हें ठरविणाऱ्या तिघां अधिकाऱ्यांत परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सन हे एक होते. खुद्द वॉशिंग्टन यांनीं पुढच्याच वर्षीं माउंट व्हर्नन येथील आपल्या गिरणींत एव्हान्सची योजना बसवून घेतली. १७९५ मध्यें एव्हान्सनें गिरणीबांधणीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्या साहाय्यानें ही योजना दूरवर पसरली.

येथपर्यंतची कथा शोधकाच्या यशाची आहे. तंटा पुढें लागला. पेटंटची चवदा वर्षांची मुदत १८०४ च्या अखेरीस संपली. अनेक गिरणीवाल्यांनीं, आतां ही विद्या सर्वांची झाली, असें समजून नवीं यंत्रें बसविलीं. पण १८०८ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें केवळ एव्हान्सकरितां एक स्वतंत्र कायदा करून त्याला आणखी चवदा वर्षांचें पेटंट दिलें. ज्यांनीं मधल्या काळांत यंत्रें उभारलीं होतीं त्यांनाही पुढील वापराबद्दल पैसे द्यावे लागतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १८१५ मध्यें दिला. एकीकडे, ज्याच्या बुद्धीनें देशाचें पीठ दळलें जात होतें असा शोधक. आणि दुसरीकडे, कायद्यावर विश्वासून पैसा घातलेले व्यापारी. दोन्ही पक्षांच्या तक्रारींत तथ्य होतें, हेंच या वादाचें दुःख आहे.

बाल्टिमोरच्या गिरणीवाल्यांच्या बाजूनें आयझॅक मॅक्फर्सन यानें जेफर्सन यांचें मत विचारलें. त्यावर १३ ऑगस्ट १८१३ रोजीं जेफर्सन यांनीं लिहिलेलें पत्र पेटंटच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, पट्ट्यावरील पोहऱ्यांची माळ जगाला फार पूर्वींपासून ठाऊक आहे. विहिरींतून पाणी काढणाऱ्या इराणी रहाटाचा त्यांनीं दाखला दिला. आणि मळसूत्र तर आर्किमिडीजच्या नांवानेंच चालतें. रहाटानें पाण्याऐवजीं धान्य उचललें, एवढ्यानें रहाट नवा होत नाहीं. मळ्यांत रहाटगाडगें पाहिलेल्या मराठी माणसाला हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाहीं. याच पत्रांत जेफर्सन यांनीं आणखी एक खोल विचार मांडला. एका दिव्यानें दुसरा दिवा लावला तर पहिल्याचा उजेड कमी होत नाहीं. कल्पनेचें तसेंच आहे. ती निसर्गतः कोणाची मालमत्ता नव्हे. समाज आपल्या हितासाठीं कांहीं काळ तिच्यावर हक्क देतो, इतकेंच. ज्या पेटंटच्या मंजुरीशीं एके काळीं त्यांचा स्वतःचा संबंध होता, त्याच्यावरच ही टीका होती, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

एव्हान्सनें ईटन नांवाच्या गिरणीवाल्यावर दावा केला होता. तो दोन वेळां सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८१८ मध्यें सरन्यायाधीश मार्शल यांनीं एव्हान्सला अनुकूल अर्थ लावून खटला पुन्हा चालविण्यास सांगितलें. पण १८२२ मध्यें निकाल त्याच्या विरुद्ध गेला. पीठ निवविणारें तशाच प्रकारचें यंत्र पूर्वीं अस्तित्वांत होतें, असा पुरावा आला होता. तेव्हां जुनें कोणतें आणि आपण त्यांत भर घातली ती कोणती, हें पेटंटांत स्पष्ट सांगितलें नाहीं, म्हणून पेटंट टिकत नाहीं, असें न्यायालय म्हणालें. हा निकाल ऐकण्यास एव्हान्स हयात नव्हता. तो १८१९ मध्येंच वारला होता. मात्र त्याची सांखळी थांबली नाहीं. १८४२ मध्यें बफेलो बंदरांत जोसेफ डार्ट यानें वाफेच्या बळावर चालणारी धान्य चढविण्याची वखार उभारली, तिच्या मुळाशीं एव्हान्सचेच पोहरे होते.

धान्य वाहण्याच्या यंत्रांचा वाद असा झाला. नोंद ठेवण्याचा वाद निराळ्या जागीं, उपाहारगृहांत, उपस्थित झाला. वाढपी लोकांनीं स्वयंपाकघरांतून नेलेल्या पदार्थांचा हिशेब चोख राहावा व लबाडी होऊं नये, म्हणून क्रमांकित चिठ्ठ्या आणि तक्ते वापरण्याच्या एका पद्धतीला पेटंट मिळालें होतें. १९०८ सालीं न्यूयॉर्क येथील अपील न्यायालयानें तें रद्द ठरविलें. माल एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं गेला कीं तो लिहून ठेवावा, हें जमाखर्चाचें मूलतत्त्व जुनें आहे. आणि अंमलांत आणण्याच्या साधनांपासून वेगळी काढलेली केवळ व्यवहाराची पद्धत ही पेटंटला पात्र अशी कला नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता.

पुढें संगणक आला आणि वही व यंत्र यांच्यामधली भिंतच पडली. अंकांचें एका रूपांतून दुसऱ्या रूपांत परिवर्तन करण्याच्या रीतीला पेटंट देण्याचें सर्वोच्च न्यायालयानें १९७२ मध्यें नाकारलें. परंतु १९८१ मध्यें, रबराच्या सांच्यांतील उष्णता सतत मोजून तो सांचा नेमक्या क्षणीं उघडणाऱ्या संगणकयुक्त कृतीला त्याच न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा मतांनीं पात्र ठरविलें. कारण तेथें गणिताच्या शेवटीं खरोखरचें रबर तयार होत होतें. २०१४ मध्यें ‘ॲलिस’ खटल्यांत न्यायालयानें एकमतानें दोन पायऱ्यांची कसोटी कायम केली. मागणी मुळांत अमूर्त कल्पनेची आहे काय, हें प्रथम पाहावें. असल्यास, साध्या संगणकावर ती चालविण्यापलीकडे तिच्यांत कांहीं शोधबुद्धी आहे काय, हें नंतर पाहावें.

आजच्या मोठ्या शेतांवर कापणी-मळणीचें यंत्र चालतां चालतांच शेजारून धांवणाऱ्या धान्यगाडींत दाणे ओततें आणि ती गाडी बांधावरच्या मालमोटारींत ते रिते करते. कोणतें वाहन कोठें आहे हें उपग्रहाच्या साहाय्यानें कळतें, वजन कांट्याच्या साधनांनीं कळतें. आणि कोणत्या शेताचें किती धान्य कोणत्या गाडींत गेलें, याचा मेळ संगणकाची आज्ञावली घालते. हा मेळ क्षुल्लक नाहीं. मालक व खंडकरी यांचा वांटा आणि कंत्राटदाराची मजुरी त्यावर ठरूं शकते. असा मेळ बिनचूक घालणें कठीण असतें, म्हणून त्याचा शोधक संरक्षण मागतो. उलट, मोजणें व लिहिणें यांवरच हक्क दिला, तर यंत्रानें मापाऱ्याचें काम करून घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला त्यासाठीं कर भरावा लागेल, अशी दुसऱ्या पक्षाची भीति आहे. केवळ माहिती गोळा करणें, तपासणें आणि दाखविणें ही अमूर्त कल्पना होय, असें अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयानें वीजवाहिन्यांच्या देखरेखीसंबंधीं २०१६ मध्यें म्हटलें. पण गति मोजणारीं साधनें नव्या रीतीनें मांडून अधिक बिनचूक मोजमाप साधणाऱ्या योजनेला त्याच न्यायालयानें २०१७ मध्यें पात्र मानलें. दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे शोधकाला इशारा मिळतो तो हाच कीं, नुसती वही पुरी पडत नाहीं. मापांत कांहीं सुधारणा दाखवावी लागते.

भारतांतही हा प्रश्न परका नाहीं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमानें शेतीची पद्धत पेटंटबाहेर ठेवली आहे, आणि २००२ च्या दुरुस्तीनें गणिती अथवा व्यापारी पद्धत व निव्वळ संगणकीय आज्ञावली यांनाही त्याच कलमांत बसविलें आहे. तरीही ‘निव्वळ’ या शब्दाचें वजन मोठें आहे. संगणकाच्या आधारें झालेला प्रत्येक शोध त्यामुळें बाद होत नाहीं, आणि त्याचा तांत्रिक परिणाम पाहिला पाहिजे, असें दिल्ली उच्च न्यायालयानें २०१९ मध्यें स्पष्ट केलें.

एव्हान्सच्या गिरणीला दोनशें वर्षें उलटून गेलीं. त्याच्यापुढें न्यायालयानें जो प्रश्न ठेवला तोच आजच्या आज्ञावली लिहिणाऱ्यापुढें आहे: रहाट जुना, मळसूत्र जुनें, वही जुनी, यांत तुमची भर कोणती? ज्याला याचें सरळ उत्तर देतां येतें, त्याच्या श्रमांचें मोल समाजानें कांहीं काळ जरूर द्यावें. ज्याला तें देतां येत नाहीं, त्यानें मापाऱ्याची वही मोकळीच राहूं द्यावी.