व्यापारगट सोडण्याचा हिशेब : ग्रीनलंड, १९८२ ते १९८५

व्यापारगट सोडावा की सोडू नये, असा प्रश्न निघाला की आज ब्रिटनचे नाव पुढे येते. पण ब्रिटनच्या तीन दशके आधी युरोपीय आर्थिक समुदायातून एक प्रदेश मतदान घेऊन बाहेर पडला होता : ग्रीनलंड. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आणि निर्यात मुख्यतः मासळीची. अर्थव्यवस्था लहान असल्यामुळे दोन्ही बाजूंचा युक्तिवाद येथे स्पष्ट दिसतो.

पार्श्वभूमी

१९७२ मध्ये समुदायात सामील होण्यासाठी डेन्मार्कने सार्वमत घेतले. ग्रीनलंडमधील सुमारे ७० टक्के मते विरोधात पडली. तरीही संपूर्ण डेन्मार्कचा कौल ‘हो’ असा आल्यामुळे १९७३ मध्ये ग्रीनलंडही आत गेला. फेरो बेटांना १९४८ पासून स्वशासन होते, म्हणून ती बाहेर राहू शकली. ग्रीनलंडला स्वशासन मिळाले ते १९७९ मध्ये. त्यानंतर २३ फेब्रुवारी १९८२ रोजी तेथे स्वतंत्र सार्वमत झाले. सुमारे ५३ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. सियुमुत पक्ष बाहेर पडण्याच्या, तर अतासुत पक्ष राहण्याच्या बाजूचा होता.

बाहेर पडण्याच्या बाजूचा युक्तिवाद

पहिला मुद्दा मासळीचा. समुदायाच्या धोरणानुसार सदस्य देशांच्या पाण्यात किती मासे कोणी पकडायचे, हे ब्रुसेल्समध्ये ठरत असे. पश्चिम जर्मनीच्या ट्रॉलरना ग्रीनलंडजवळचा कॉड हवा होता. ज्यांची उपजीविका एकाच साधनावर आहे, त्यांनी त्याचा ताबा दूरच्या कार्यालयाकडे का द्यावा, हा प्रश्न भावनेचा होता, तसाच अर्थशास्त्राचाही होता.

दुसरा मुद्दा जकातीचा. जेकब व्हायनर यांनी १९५० मध्ये दाखवून दिले की सीमाशुल्क संघामुळे दोन गोष्टी घडतात. गटातील स्वस्त उत्पादकाकडे व्यापार वळला तर व्यापारनिर्मिती होते. बाहेरच्या स्वस्त मालाऐवजी, केवळ जकात नाही म्हणून, गटातील महाग माल घेतला तर व्यापारविचलन होते. बहुतेक कारखानी माल आयात करणाऱ्या आणि स्वतः तसा माल न विकणाऱ्या प्रदेशाला दुसऱ्या परिणामाची झळ अधिक बसू शकते.

राहण्याच्या बाजूचा युक्तिवाद

सदस्यत्वामुळे मासळीला युरोपची मोठी बाजारपेठ जकातीविना खुली होती. समुदायाच्या निधीतून ग्रीनलंडला अनुदानेही मिळत. शिवाय नियम ठरतात त्या टेबलाशी डेन्मार्कमार्फत का होईना, जागा होती. बाहेर गेल्यावर नियम तेच राहणार, फक्त आपले म्हणणे मांडायची जागा जाणार, अशी राहण्याच्या बाजूची चिंता होती.

तडजोड

वाटाघाटींना दोन वर्षे लागली. मार्च १९८४ मध्ये करारावर सह्या झाल्या आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी ग्रीनलंड बाहेर पडला. समुदायाचे क्षेत्रफळ त्यामुळे निम्म्याहूनही कमी झाले. ग्रीनलंडला ‘परदेशस्थ प्रदेश’ हा दर्जा मिळाला. समुदायाच्या बोटींना ठरावीक कोटा द्यायचा, त्या बदल्यात ग्रीनलंडच्या मासळीला जकातमुक्त प्रवेश आणि सुरुवातीला वर्षाला सुमारे २ कोटी ६५ लाख एक्यू (समुदायाचे तेव्हाचे हिशेबी चलन) इतका मोबदला मिळायचा, असे ठरले. थोडक्यात, जे सदस्य म्हणून हातचे सुटले होते ते ग्रीनलंडने विक्रेता म्हणून पुन्हा विकायला काढले.

पुढे काय झाले

१९९०च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरचा कॉड जवळजवळ नाहीसा झाला. कोटा ठरवण्याचा अधिकार नूकला आला होता, पण समुद्राचे तापमान आणि माशांची संख्या कोणत्याही सार्वमताला बांधील नव्हती. युरोपच्या वाट्याचा बराचसा कॉड केवळ कागदावर उरला, मोबदला मात्र चालू राहिला. ग्रीनलंडची निर्यात कोळंबीवर उभी राहिली. डेन्मार्कचे मोठे वार्षिक अनुदान या सर्व काळात सुरूच होते. ते नसते तर हिशेब कसा दिसला असता, हे विसरून निष्कर्ष काढता येत नाही.

निष्कर्ष

ग्रीनलंडला बऱ्या अटी मिळाल्या, याची कारणे तीन : समोरच्याला हवी असलेली वस्तू त्याच्या हातात होती, डेन्मार्क गटात राहून त्याची बाजू मांडत होता आणि वेगळे करायचे व्यवहार थोडे होते. ब्रिटनने २०१६ मध्ये कौल दिला तेव्हाही मासेमारीचा मुद्दा गाजला. पण ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत मासेमारीचा वाटा एक टक्क्याहून बराच कमी होता. तेथील खरा प्रश्न कारखान्यांच्या पुरवठा साखळ्यांचा आणि वित्तसेवांचा होता. म्हणून एका देशाचे उत्तर दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाही. ‘सोडावा का?’ याआधी ‘सोडल्यावर आपल्याकडे विकण्यासारखे काय उरते, आणि ते कोणाला हवे आहे?’ हे विचारावे लागते.

स्वाध्याय

१. व्यापारनिर्मिती व व्यापारविचलन यांतील फरक ग्रीनलंडच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. डेन्मार्कही त्याच वेळी बाहेर पडला असता तर ग्रीनलंडच्या अटींवर काय परिणाम झाला असता? कारणे द्या.