पोलीस तक्रार प्राधिकरण : रचना, अधिकार आणि मर्यादा

पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पोलिसांनीच केली, तर पीडिताला न्याय मिळेल का? या प्रश्नातूनच पोलीस तक्रार प्राधिकरणाची कल्पना पुढे आली.

पार्श्वभूमी
प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी पोलीस सुधारणांसाठी सात निर्देश दिले. त्यातला एक राज्य व जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरण स्थापन करण्याचा होता. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली आणि जिल्ह्याऐवजी महसूल विभागाच्या पातळीवर प्राधिकरणाची तरतूद केली. म्हणजे दूरच्या तालुक्यातील मजुराला दाद मागायला विभागाच्या ठिकाणापर्यंत जावे लागते.

रचना आणि अधिकार
राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. नागरी समाजातील एका मान्यवर व्यक्तीलाही सदस्यत्व असते. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम डावलून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी आणि जमीन किंवा घर बळकावणे या तक्रारी येथे करता येतात. पीडित, त्याचे कुटुंबीय किंवा त्याच्या वतीने दुसरी व्यक्ती तक्रार करू शकते. वस्तीतील कार्यकर्त्यांनी ही तरतूद लक्षात ठेवावी.

मर्यादा
प्राधिकरण चौकशी करते, शिक्षा देत नाही. अहवाल राज्य सरकारकडे जातो आणि गृहखाते त्याच सरकारचे असते. सदस्यांमध्ये पोलीस अधिकारीही असतात. म्हणून ही यंत्रणा पूर्णपणे स्वतंत्र म्हणता येत नाही.

परभणीचा धडा
डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर आंदोलन पेटले. त्यात अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. कुटुंबाला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. जुलै 2025 मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याला आव्हान मिळाले, पण सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला सात महिने गेले! कागदावरची यंत्रणा वेळेवर हलली नाही, तर सारा भार पीडित कुटुंबावरच पडतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे?
अटकेची तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले की नाही, ते तपासा. वैद्यकीय तपासणीचा कागद मिळवा. पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याची लेखी मागणी लगेच करा आणि पोच घ्या. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचे असल्यास घटनेपासून एक वर्षाची मुदत पाळा.

संविधानाच्या कलम 21 ने दिलेला जगण्याचा हक्क कोठडीच्या दारात संपत नाही. तो तिथेही टिकावा यासाठी प्राधिकरणाचे दार ठोठवायला शिकले पाहिजे, आणि ते खरोखर स्वतंत्र व्हावे ही मागणीही लावून धरली पाहिजे.