बटाट्यांतील लोह

राजुऱ्याच्या बाजारांतून आणलेला बटाटा विळीवर चिरतांना तो श्वसन करीत असतो, हें कितीकांच्या ध्यानीं येतें? त्या श्वसनाचा एक दुवा एका महाराष्ट्रीय विदुषीनें शोधिला आहे.

१९२५ सालीं केंब्रिज येथें डेव्हिड केलिन यांनीं सायटोक्रोम ह्या लोहयुक्त प्रथिनांचें श्वसनांतील कार्य उजेडांत आणिलें. विहिरीवरून हातोहात घागरी जाव्या, त्याप्रमाणें ह्या प्रथिनांतील लोह एक इलेक्ट्रॉन घेतें व पुढें देतें. अखेरीस तो प्राणवायूस मिळतो, आणि ह्या देवघेवींतूनच पेशीस शक्ति लाभते.

कमला भागवत (पुढें सोहोनी) यांस १९३३ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत सर चंद्रशेखर रामन यांनीं स्त्री म्हणून प्रवेश नाकारिला; पुढें दिला तोहि वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर. त्या पारखीस उतरून त्या केंब्रिजला गेल्या, आणि बटाट्यावर काम करितां करितां वनस्पतींच्या पेशींतहि ‘सायटोक्रोम सी’ असल्याचें त्यांनीं दाखविलें. १९३९ सालीं त्यांस तेथील डॉक्टरेट मिळाली.

ज्ञानाची घागर पुढें देतांना ‘हात कोणाचा?’ असें विचारीत बसल्यास सांखळी तेथेंच तुटते. ती तुटली नाहीं, ह्याचें श्रेय दारावरून न हटणाऱ्या त्या विद्यार्थिनीचें आहे.