जोडणारी खीळ, अडवणारी खीळ

मराठीत ‘खीळ’ हा शब्द दोन उलट अर्थांनी येतो. जू आणि नांगर एकत्र ठेवते ती खीळ, आणि एखादे काम ठप्प झाले की त्यालाही ‘खीळ बसली’ असेच म्हणायचे. शेतीच्या अवजारांचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास मी वाचतो तेव्हा मला हे दोन्ही अर्थ जागोजागी दिसतात. नांगर कसा बदलला, ट्रॅक्टर कधी आला, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ओढणारा आणि ओढले जाणारे यांच्यामधला जोड कोणाच्या ताब्यात होता, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

मी शिरवण्याचा. आमच्या घरात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत खारजमिनीत भात लावत. लाकडी नांगराची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल, की हळस आणि जू यांच्यामध्ये पक्का असा जोड नसतोच. असते ती दोरी. जू हळसावर थोडे पुढे बांधले की फाळाचा कोन बदलतो, मागे घेतले की पुन्हा बदलतो, आणि नांगर किती खोल जाईल ते त्यावरून ठरते. बैल उंच असोत की ठेंगणे, आपले असोत की शेजाऱ्याकडून पैऱ्याने आणलेले, दोरी सगळ्यांशी जुळवून घेते. उरलेले काम पाचर करते. फाळ झिजला तर लोहार, हळस मोडली तर सुतार, आणि दोघेही हाकेच्या अंतरावर. या नांगराने जमीन फार खोल उलटत नसे हे खरे, पण कोणाचा नांगर कोणाच्या बैलांना बसणार नाही असे कधी झाले नसावे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकवले होते, नंतर बेळगावात सायकलींचा धंदा केला होता. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे सुरुवातीचे नांगर खपता खपेनात, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे हाच नांगर महाराष्ट्रभर पोहोचला. या कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळा आहे. नांगर बदलला तरी बैल तेच राहिले, जूही तेच राहिले. म्हणजे नवे अवजार जुन्या ओढणाऱ्याशी जुळवून घेत होते. मात्र झिजलेला भाग आता गावच्या लोहाराऐवजी कारखान्यातून यायचा होता. सोय झाली, आणि सोयीबरोबर अवलंबूनपणाचे पहिले पाऊल पडले.

ट्रॅक्टर आल्यावर हे गणित उलटले. सुरुवातीचे ट्रॅक्टर नांगराला बैलासारखेच मागून ओढत. फोर्डसनसारख्या हलक्या ट्रॅक्टरचा नांगर खडकाला किंवा मुळाला अडला, की चाके फिरत राहत आणि ट्रॅक्टरचे तोंड वर उठून तो मागे उलटे. माणसे मरत. पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन या मेकॅनिकला ट्रॅक्टरच्या नांगरणीवर लक्ष ठेवायचे काम मिळाले, आणि ओढण्यापेक्षा जोडण्यातच खरी गोम आहे हे त्याच्या ध्यानात आले. त्याने पुढे तीन दांड्यांचा जोड सिद्ध केला. खालच्या दोन दांड्या नांगर ओढतात, वरची तिसरी दांडी नांगराचा रेटा उलट ट्रॅक्टरवर ढकलते. त्यामुळे नांगर अडला तर पुढची चाके उचलली जाण्याऐवजी जमिनीवर दाबली जातात. हायड्रॉलिक्स खोली आपोआप सांभाळते.

१९३८ च्या ऑक्टोबरात फर्ग्युसनने हेन्री फोर्डला हा जोड दाखवला आणि दोघांचा करार झाला तो केवळ हस्तांदोलनावर. १९३९ मध्ये फोर्डचा ९एन ट्रॅक्टर आला. पुढे फोर्डच्या नातवाने १९४७ मध्ये हे नाते तोडले, पण जोड तसाच ठेवून नवा ट्रॅक्टर बाजारात आणला. फर्ग्युसनने १९४८ मध्ये २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा लावला. १९५२ मध्ये तडजोडीत त्याला ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. तीन दांड्या आणि काही पिना यांच्यासाठी इतकी मोठी कोर्टबाजी झाली, यावरून जोडाची किंमत कळते.

नंतर मात्र घडले ते शेतकऱ्याच्या बाजूचे. पेटंटांची मुदत सरली, इतर कंपन्यांनीही तोच जोड स्वीकारला आणि त्याची प्रमाणे ठरली. लहान ट्रॅक्टरांच्या गटात वरची पिन १९ मिलिमीटरची आणि खालच्या २२ मिलिमीटरच्या, त्यापुढच्या गटात २५ आणि २८ च्या. म्हणूनच आज नाशिकच्या द्राक्षबागेत किंवा सांगलीच्या उसात कोणत्याही कंपनीच्या ट्रॅक्टरमागे कुठल्याही गावच्या वर्कशॉपमध्ये बनलेला रोटाव्हेटर लागतो. दोरीने जे साधत होते ते पोलादाने पुन्हा साधले, पण त्याला जवळजवळ ४० वर्षे लागली.

ही एकवाक्यता ट्रॅक्टरच्या मागे झाली, पुढे झाली नाही. पुढच्या बाजूसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणे फार उशिरा आली आणि लहान ट्रॅक्टरांचे बरेच उत्पादक अजूनही आपापलीच भोके पाडतात. ही गोष्ट मला पुस्तकातून नव्हे, माझ्या भाच्याकडून कळली. तो कॅनडात ओंटारियोत राहतो. त्याचा जुना छोटा ट्रॅक्टर विकला गेला, बर्फ सारायचे पुढचे पाते तेवढे राहिले, आणि नव्या ट्रॅक्टरला ते बसेना. विक्रेत्याने नवे पातेच घ्यायला सांगितले. त्याने मला फोन करून विचारले, “मामा, तुमच्या गाळ्यात काय केलं असतं?”

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात माझा फॅब्रिकेशनचा छोटा गाळा आहे. बर्फाचे पाते मी हाताळलेले नाही. पण पुढे पाते लावायचे म्हणजे रेटा कुठून कुठे जातो ते आधी बघायचे, एवढे समजते. पाते जेव्हा बर्फात अडते तेव्हा तो धक्का पुढच्या ॲक्सलने घेता कामा नये. ॲक्सल मध्यावर डोलता असतो आणि तो ढकलण्यासाठी बनवलेला नसतो. म्हणून पात्याची चौकट ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागे नेऊन चॅसीला, शक्यतो मागच्या घरापर्यंत, बोल्टांनी धरावी. ट्रॅक्टरच्या बिडाच्या भागाला वेल्डिंग अजिबात लावू नये, बीड तडकते. मधल्या प्लेटचा फर्मा आधी जाड पुठ्ठ्यात कापावा, दोन्ही बाजूंची भोके मोजावीत आणि मगच पोलाद कापावे. पाते तिरके फिरले की चाकाला घासत नाही ना, आणि पूर्ण उचलल्यावर पुढच्या चाकांवर जास्तीचे वजन येते त्याला मागे तोल देता येईल का, हे तपासावे. पात्याच्या स्प्रिंगा मात्र होत्या तशाच ठेवाव्यात. लपलेला दगड आडवा आला की पाते त्यांच्या जोरावर झुकून पुन्हा उभे राहते. शेवटी त्याने तसेच केले. मूळ पात्याला हात न लावता मध्ये दोन प्लेटी आणि एक चौकट आली, एवढेच.

बर्फ आणि फर्ग्युसन यांचे नाते तसे जुने आहे. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन. शेतासाठी बनलेल्या त्या ट्रॅक्टरांच्या चाकांवर पट्टे चढवलेले होते. बनवणाऱ्याने न सांगितलेले काम यंत्राकडून करून घेण्याची परंपरा ध्रुवापर्यंत गेली आहे.

आमच्या गावात या सगळ्याला दुसरा अर्थही आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये सिडको आली, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या भातजमिनी संपादनात गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासईजवळ गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. मोबदला आणि साडेबारा टक्के भूखंडांचा हिशेब कागदावर मांडता येतो. जमीन गेल्यावर नांगराचे काय होते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. ज्यांनी जू बांधायला शिकले होते त्यांची मुले वेल्डिंगचा दांडा धरायला शिकली. जुळवून घ्यायचे कसब हाताला आधीपासून होते, म्हणून त्यांनी ते पटकन धरले असे माझे मत आहे.

म्हणून आज एखादी कंपनी ‘हा भाग फक्त आमच्याच यंत्राला बसेल’ म्हणते तेव्हा मला ते तंत्राचे वाक्य वाटत नाही, मालकीचे वाटते. भोक कुठे पाडायचे हा निर्णय कारखान्यात होतो, त्याची किंमत शेतात मोजली जाते. फर्ग्युसनचा जोड सर्वांचा झाला तेव्हा त्याचा फायदा जगभरच्या शेतकऱ्यांना मिळाला. पुढच्या बाजूचा जोड अजून तसा झालेला नाही. तो होईपर्यंत पुठ्ठ्याचा फर्मा, गॅसकटर आणि मोजपट्टी यांच्यावरच भागवावे लागणार आहे, ओंटारियोतही आणि शिरवण्यातही.