लिनक्सच्या दोन वाटा: ठरावीक आवृत्ती की अखंड प्रवाह?

१/ संगणकावरील आज्ञावली केव्हा बदलावी? सारे पारखून वर्षा-दोन वर्षांनी एकदम, की नवे तयार होईल तसतसे रोज? पहिली रीत दिवाळी अंकाची, दुसरी दैनिकाची. लिनक्सच्या इतिहासात या दोन रीतींचा वाद दोन दशकांहून जुना आहे. 🧵

२/ लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा केवळ गाभा, म्हणजे कर्नल, जाहीर केला. त्याभोवती उरलेली साधने जुळवून जे तयार होते ते डिस्ट्रो. स्लॅकवेअर आणि डेबियन ही दोन्ही १९९३ ची अपत्ये. तेव्हा प्रसार फ्लॉपी आणि सीडीवर चाले. तबकडीवर एकदा उमटलेले बदलता येत नसे. म्हणून ठरावीक आवृत्ती ही त्या काळाची गरजच होती.

३/ डिसेंबर १९९५ मध्ये एका सीडी विक्रेत्याने डेबियनची अपुरी प्रत '१.०' म्हणून बाजारात आणली. गोंधळ टाळण्यासाठी प्रकल्पाने तो क्रमांकच सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये थेट १.१ प्रसिद्ध केली. आवृत्तीचा क्रमांक म्हणजे 'हे आता पूर्ण झाले' असा शब्द असतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

४/ पुढे डेबियनची शिस्त घट्ट झाली. नवे पॅकेज आधी 'सिड' या अस्थिर शाखेत येते, मग चाचणी शाखेत, आणि अखेरीस स्थिर आवृत्तीत. तेथे नंतर प्रामुख्याने सुरक्षेच्या दुरुस्त्या होतात. या शिस्तीची किंमतही मोठी होती: ३.० आवृत्ती जुलै २००२ ची, ३.१ थेट जून २००५ ची!

५/ याच काळात इंटरनेट वेगवान होत होते. मार्च २००२ मध्ये जड विनेट यांच्या आर्च लिनक्सची पहिली आवृत्ती आली. त्याच महिन्यात जेंटूची १.० आली. जेंटूची प्रेरणा फ्रीबीएसडीच्या 'पोर्ट्स' पद्धतीत होती. एकदा स्थापना करावी आणि पुढे अद्ययावत होत राहावे, ही 'रोलिंग' रीत या छोट्या प्रकल्पांनी रुजवली.

६/ तीही फुकट नव्हती. जुलै २०१२ मध्ये आर्चने एका मूळ फोल्डरची रचना बदलली. सूचना न वाचता ज्यांनी बळजबरीने अपडेट लादले, त्यांची यंत्रणा कोलमडली. रोलिंगमध्ये पारख करण्याचा बराचसा भार वापरकर्त्यावर येतो.

७/ ओपनसुसेने २०१४ मध्ये 'टम्बलवीड' नव्या रूपात आणून मधला मार्ग शोधला. तेथे प्रवाह अखंड असतो. मात्र प्रत्येक नवा संच प्रथम 'ओपनक्यूए'च्या स्वयंचलित चाचण्यांतून जातो.

८/ खरी कसोटी २०२४ मध्ये लागली. फायली संकुचित करणाऱ्या 'एक्सझेड' या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा पेरला होता. टम्बलवीड आणि डेबियन सिड यांत तो पोहोचला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नाही. आर्चमध्येही ते पॅकेज गेले, परंतु तेथील एसएसएच त्या लायब्ररीशी जोडलेले नसल्याने हल्ल्याची ती वाट बंद होती.

९/ मग ठरावीक आवृत्तीची बाजू जिंकली का? इतके सोपे नाही. पोस्टग्रेस प्रकल्पातील अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे खटकले. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो कट जगजाहीर केला. ते ज्या यंत्रणेवर काम करीत होते, ती डेबियन सिडच होती.

१०/ स्थिर शाखा त्या वेळी वाचली ती तिच्या विलंबामुळे. पण त्या विलंबाला अर्थ येतो तो मधल्या काळात कोणीतरी नवे पॅकेज वापरून, तपासून पाहते म्हणून. सर्वांनीच जुन्या आवृत्तीची वाट धरली असती, तर तो चोरदरवाजा पुढच्या स्थिर आवृत्तीपर्यंत निमूटपणे पोहोचला असता.